सहासष्ट क्रमांकाचे दोन रस्ते

गोव्यात पर्वरीच्या उड्डाणपुलासाठी 2025 च्या मार्चमध्ये देव खाप्रेश्वराचे स्थान हलवण्यात आले आणि तिथला जुना वडही काढण्यात आला. त्याचे दुःख मी घरच्या मंडळींना लिहून कळवले, तेव्हा म्हापशाच्या पुतण्याचे उत्तर आले : "काका, तुमच्या अमेरिकेत रस्त्याच्या आड आलेले कोणी जपत बसत नाही, म्हणून तर तो देश पुढे गेला." हे वाक्य मला फार लागले. जुलैत आम्ही लॉस एंजेलिसहून मोहावीच्या वाळवंटात तीन दिवस फिरलो, तेव्हा प्रत्येक थांब्यावर मी मनातल्या मनात त्यालाच उत्तर देत होतो.

व्हिक्टरव्हिलला फ्रीवे सोडून आम्ही रूट 66 हा जुना महामार्ग धरला. ओरो ग्रांडे येथे एल्मर लाँग या गृहस्थांनी 2000 सालापासून लोखंडी नळ्या रोवून, त्यांच्या फांद्यांवर रंगीत बाटल्या अडकवून, दोनशेहून अधिक झाडांचे वन उभारले. ते 2019 मध्ये वारले, पण झाडे अजून आहेत आणि लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती पाहायला येतात. पुतण्याला हे दाखवावे असे वाटले. त्या झाडांना सावली नाही, हेही तिथे उभे असतानाच जाणवले.

दुसऱ्या दिवशी अँबॉय. येथील 'रॉय्ज' या मोटेल आणि कॅफेची 1959 सालची पन्नास फुटी पाटी कितीतरी मैलांवरून दिसते. 1973 मध्ये आय-40 हा नवा महामार्ग दुसरीकडून गेला, गिऱ्हाईक तुटले, माणसे निघून गेली, आणि 1985 मध्ये रूट 66 सरकारी यादीतूनही उतरला. तरीही 2005 मध्ये आल्बर्ट ओकुरा या हॉटेल व्यावसायिकाने अख्खे गाव विकत घेतले, आणि अनेक वर्षे विझलेली ती पाटी 2019 मध्ये पुन्हा उजळली. पुढे बेकरला 134 फूट उंचीचा तापमापक आहे, कारण डेथ व्हॅलीत 10 जुलै 1913 रोजी 134 अंश फॅरनहाइट तापमान नोंदले गेले होते. एका आकड्याची आठवण राहावी म्हणून जे लोक एवढा मनोरा उभारतात, ते काही जपत नाहीत असे कसे म्हणावे?

मात्र अँबॉयच्या त्या रिकाम्या खोल्यांसमोर उभे असताना माझी बाजू मलाच अपुरी वाटली. वाळवंटात जागा अफाट आहे, म्हणून नवा रस्ता गावाला वळसा घालून जाऊ शकला. गोव्यात पत्रादेवीपासून पोळेपर्यंत, पर्वरीवरूनच, जाणाऱ्या आपल्या राष्ट्रीय महामार्ग 66 ला डोंगर, शेते, खाड्या आणि घरे यांतूनच वाट काढावी लागते. शिवाय अँबॉयला जे जपले गेले, ते तिथले जगणे संपल्यानंतर. खाप्रेश्वरापुढे शेवटच्या दिवसापर्यंत नारळ ठेवले जात होते, गाऱ्हाणे घातले जात होते. पणजीला जाताना माझे वडील तिथे स्कूटर हळू करून हात जोडत, आणि मागे बसलेला मीही जोडत असे. त्या वडाची तुलना निऑनच्या पाटीशी करण्यात मी चूक करत होतो, आणि पुतण्याला हरवण्यासाठीच करत होतो.

पर्वरीच्या कोंडीत तो रोज दोनदा अडकतो. मी वर्षातून तीन आठवडे येतो, आणि सोडून आलो त्या दिवशी सगळे जसे होते तसेच मला सापडावे, अशी अपेक्षा धरतो. हा हक्क मला कोणी दिलेला नाही, तरी तो सोडवत नाही.

डिसेंबरात आल्यावर देवाच्या नव्या जागी मला त्यानेच न्यावे, असे मी त्याला कळवले. त्याने होकार दिला आणि लिहिले की पुलाच्या कामामुळे कोंडी होते, तेव्हा सकाळी सातच्या आत निघावे लागेल.