‘४५ दिवसांत सोरायसिस मुळापासून’ : त्या मेसेजला माझं उत्तर

सोरायसिस ह्या त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठवणाऱ्या रोगाबद्दलचा एक मेसेज गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. देवस्थानच्या ग्रुपवर येतो, महिला मंडळाच्या ग्रुपवर येतो, आणि मग कुणीतरी मोबाइल पुढे धरून मला विचारतं, ‘ताई, हे खरं का?’ डिचोलीत माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणारच. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा :

‘सोरायसिस म्हणजे रक्तातली घाण. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्यानं होतो. स्पर्शानं पसरतो, म्हणून रोग्याचा टॉवेल, ताट, अंथरूण वेगळं ठेवा. डॉक्टरांची मलमं रोग आत दाबतात आणि तो सांध्यांत शिरतो. त्यांच्या गोळ्या कॅन्सरच्या असतात. सगळी औषधं आजच बंद करा. आमची वनौषधी पूड ४५ दिवस घ्या, रोग मुळापासून जाईल.’

सुरुवात स्पर्शापासून करते, कारण सगळ्यात जास्त माणसं त्या एका वाक्यानं दुखावली आहेत. चवथीच्या तोंडावर एक गिऱ्हाईक बाई दुकानात आल्या. बोटांच्या पेरांवर आणि कोपरांवर चट्टे. ‘ताई, रबरी हातमोजे आहेत?’ कशाला म्हणून विचारलं तर डोळे भरून आले. नेवऱ्यांचं पीठ मळायला बसल्या होत्या आणि नणंदेनं पुढ्यातली परात उचलून नेली. मेसेज त्या नणंदेनंही वाचला होता. वीस माणसांच्या घरात, ऐन सणाला, ही बाई हळदीच्या पानांना हात लावायलाही घाबरत होती.

सोरायसिस लागत नाही. पसरायला त्यात जंतूच नसतो. चट्ट्यावर हात फिरवला, एका ताटात जेवलं, एका अंथरुणात झोपलं, पोराला अंगावर पाजलं, तरी तो दुसऱ्याला होत नाही. घोटाळा होतो तो दोन वेगळ्या रोगांमुळे. एक गजकर्ण. आपल्याकडे पावसाचे चार महिने कपडे धड वाळत नाहीत, घाम अंगातच मुरतो, आणि गजकर्णाची बुरशी टॉवेलावरून, कपड्यांवरून खरंच घरभर फिरते. लांबून दोन्ही चट्टे सारखे वाटू शकतात. दुसरा कुष्ठरोग. युरोपातही कित्येक शतकं सोरायसिसच्या रुग्णांना कुष्ठरोगी समजून गावाबाहेर ठेवत. व्हिएन्नाचे डॉक्टर फेर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन रोग वेगळे असल्याचं ठामपणे मांडलं. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, सोरायसिसच्या चट्ट्याला टाचणी लागली तर दुखतं. आणि कुष्ठरोगसुद्धा आज औषधांनी पूर्ण बरा होतो, तेव्हा परात ओढून नेण्याचं कारण तिथेही उरत नाही.

‘पण बापाला होता, आता लेकीला झाला, मग लागला नाही तर काय?’ हाही प्रश्न येतो. तो आनुवंशिक कल असतो. एचएलए-सी ०६:०२ हे जनुकाचं रूप बऱ्याच रुग्णांत सापडतं, शिवाय इतरही अनेक जनुकांचा वाटा असतो. तरीही एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला सोरायसिस असेल तर दुसऱ्याला होईलच असं नाही. कल जन्मानं येतो, रोग उफाळायला काहीतरी निमित्त लागतं.

आता रक्तातली घाण. रक्त तपासून सोरायसिस दिसत नाही, कारण रक्तात घाण नसतेच. बिघाड असतो तो प्रतिकारशक्तीत. तिच्यातल्या टी पेशी शत्रू नसताना खवळतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन १७, इंटरल्युकिन २३ अशी रसायनं सोडतात, सोडायला लावतात. त्यांच्या इशाऱ्यानं त्वचेच्या पेशी घाईनं वाढू लागतात. एरवी नवी पेशी खालून वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. इथे तेच तीन ते पाच दिवसांत होतं. पेशी नीट पिकत नाहीत, सुटत नाहीत, थरावर थर चढतात. चांदीसारख्या पांढुरक्या खपल्या दिसतात त्या ह्याच. खपली खरवडली तर खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात. पुस्तकात चट्टा लालभडक दाखवतात, पण आपल्या सावळ्या अंगावर तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो, आणि बरा झाल्यावरही मागे काळसर किंवा फिकट डाग काही महिने राहतो. तो डाग बघून अनेकजण ‘गुण येत नाही’ म्हणून औषध सोडतात. हाताला खडबडीत लागत नसेल आणि खपली नसेल, तर तिथला रोग बसला आहे, फक्त रंग जायचा आहे. रक्तशुद्धीच्या काढ्यांनी टी पेशी शांत होत नाहीत. जुलाबाच्या औषधांनी तर माणूस नुसता गळतो.

निमित्तं मात्र खरी आहेत आणि ती ओळखता येतात. मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग झाला की दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंबांसारखे ठिपके उठू शकतात. खरचटलं, भाजलं, गोंदवून घेतलं, की नेमकं तिथेच चट्टा येऊ शकतो. परकराची नाडी घट्ट बांधून कमरेला घासत असेल तर त्या रेघेवरही येतो. मनोविकारावरचं लिथियम, रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गटातली काही औषधं, मलेरियासाठीची क्लोरोक्विन, यांनी तो बळावू शकतो. सिगारेट, वाढलेलं वजन, मनावरचा ताण, आणि दारू. फेणी घरची आहे, शुद्ध आहे, म्हणून ती ह्या यादीतून सुटत नाही.

मासे-दुधाचं काय? आयुर्वेदात हा विरुद्ध आहार मानला आहे, आणि घरातल्या थोरांनी ते पथ्य पाळलं तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. पण त्यानं सोरायसिस होतो याला पुरावा नाही. नेमकी हीच समजूत कोडाबद्दलही सांगतात, तिथेही तो नाही. जन्मात नुस्तं म्हणजे मासे न खाल्लेल्या घरांतही सोरायसिस असतो, माझ्या गिऱ्हाइकांत अशी माणसं आहेत. आमच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कालवणात, दूध पडतं ते नारळाचं, त्याचा तर ह्या समजुतीशीही संबंध नाही. तरी मेसेज वाचून लोक बांगडा-तारला बंद करतात आणि ताटात भात तेवढा वाढवतात. चांगलं प्रथिन गेलं, वजन वाढलं, म्हणजे उलटंच झालं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांनी ते उतरवलं तर चट्टे कमी होतात आणि औषधही जास्त लागू पडतं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. पथ्य पाळायचंच असेल तर वजनाचं पाळा.

मलमानं रोग दाबला जाऊन सांध्यांत शिरतो, हे वाक्य लोकांना सगळ्यात पटतं, कारण डोळ्यांनी तसंच दिसतं. आधी चट्टे, मग मलम, मग काही वर्षांनी सांधे. खरी गोष्ट अशी की सोरायसिसच्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना सांध्यांचा सोरायसिस होऊ शकतो, आणि बहुतेकांत त्वचेचा रोग आधी येऊन सांधे कित्येक वर्षांनी, सरासरी दहाएक वर्षांनी धरतात. मलम लावलं तरी हा क्रम तोच, न लावलं तरी तोच. तीच खवळलेली प्रतिकारशक्ती सांध्यांवरही उतरते. ह्यात घातक काय, तर मलमाला दोष देत बसलं की खुणा नजरेआड होतात. सकाळी उठल्यावर अर्धा तास बोटं आखडलेली राहणं, एखादं बोट आख्खं सुजणं, टाच दुखणं, नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे बारीक खड्डे पडणं. यातलं काही दिसलं तर लगेच दाखवा. सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होत नाही.

मलमांबद्दलच्या भीतीत एक खरा भाग आहे आणि तो मी लपवणार नाही. जोरदार स्टिरॉइड मलम महिनोन् महिने मनानं लावलं तर कातडी पातळ होते, जांघेत आणि काखेत कायमचे व्रण पडतात. स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेल्या ट्यूब तर लोक साबणासारख्या मागतात. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, ती योग्यच होती. पण तेच मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या मुदतीत, हळूहळू कमी करत वापरलं तर ते उत्तम काम करतं. जोडीला कॅल्सिपोट्रिऑल असतं, कोल टार असतं, खपल्या सैल करायला सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं. आणि आपलं खोबरेल असतंच. डोक्यातल्या जाड खपल्यांना रात्री खोबरेल चोळून ठेवलं की सकाळी त्या नखं न लावता सुटतात.

चट्टे अंगभर पसरले की नुसत्या मलमानं भागत नाही. तेव्हा प्रकाशोपचार करतात, ३११ नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणं, आठवड्यातून दोन-तीनदा. घाटाखालच्या आमच्या गावांतून मे महिन्यात खाऱ्या पाण्यात न्हायला दर्यावर जायची जुनी रीत आहे, आणि काहींना त्यानं बरं वाटतं ते खोटं नाही. उन्हातल्या त्याच किरणांचा तो गुण. फक्त दर्यावर मात्रा मोजता येत नाही, आणि कातडी उन्हानं भाजली तर भाजल्या जागी नवे चट्टे उठू शकतात.

आता ‘कॅन्सरच्या गोळ्या’. रोख मेथोट्रेक्सेटवर आहे. ते कॅन्सरमध्ये वापरतात हे खरं, पण तिथे मात्रा कितीतरी मोठी असते. सोरायसिससाठी ते पन्नासहून अधिक वर्षं वापरात आहे, तेही कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच. हे मी ठळक लिहिते, कारण रोज घेतलं तर ते विष आहे. रक्तपेशी घसरतात, तोंड सोलून निघतं, माणूस दगावू शकतो. म्हणून माझ्या दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पट्टीच्या पाकिटावर मी जाड पेनानं वार लिहिते, ‘फक्त रविवार’, आणि फॉलिक अ‍ॅसिडचं पाकीट वेगळं बांधते. वेळोवेळी रक्त आणि यकृत तपासायचं, दारू टाळायची, दिवस राहिले असतील किंवा राहायचे असतील तर ते अजिबात घ्यायचं नाही. अ‍ॅसिट्रेटिन ह्या सोरायसिसच्या दुसऱ्या औषधाचं पथ्य ह्याहून कडक आहे, ते थांबवल्यावरही तीन वर्षं गर्भधारणा टाळावी लागते. सायक्लोस्पोरिन हे तिसरं औषध चालू असेल तर रक्तदाब आणि मूत्रपिंड तपासत राहावं लागतं. ह्या अटी औषध वाईट असल्याच्या खुणा नाहीत. त्या पाळल्या म्हणूनच हजारो माणसं ही औषधं घेऊन कामधंदा करतात.

त्यापुढची पायरी बायोलॉजिक इंजेक्शनांची. अदालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब, आणि २०१३ मध्ये भारतात बाजारात आलेलं इटोलिझुमॅब. ती वर सांगितलेल्या रसायनांना किंवा टी पेशींनाच नेमकी अडवतात. आधी क्षयरोगाची तपासणी करावीच लागते, कारण अंगात झोपलेला क्षय ह्यातल्या काहींनी जागा होऊ शकतो. ती महाग आहेत. म्हणून खिसा मोकळा करण्याआधी बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग विभागात दाखवा, काय शक्य आहे ते विचारा.

राहिली ४५ दिवसांची पूड. सोरायसिस मुळापासून घालवणारं औषध आज जगात कुठेही नाही. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं केलेल्या ठरावातही हा न पसरणारा, दीर्घकाळ चालणारा आणि कायमचा इलाज नसलेला रोग असल्याचं म्हटलं आहे. तो काबूत मात्र राहतो, अनेकांची त्वचा महिनोन् महिने पूर्ण स्वच्छ राहते. मग पुडीनं गुण आलेली माणसं खोटं बोलतात का? नाही. हा रोग आपणहून चढतो-उतरतो, मुलांच्या अंगावरचे थेंबांसारखे चट्टे तर कित्येकदा काही महिन्यांत आपोआप जातात. त्याच वेळी पूड चालू असेल तर श्रेय पुडीला. दुसरं कारण जास्त काळजीचं. घटक न छापलेल्या अशा पुड्यांत चोरून स्टिरॉइड मिसळल्याचं तपासण्यांत वेळोवेळी सापडलं आहे. आठ दिवसांत जादूसारखा गुण, मग भूक वाढते, चेहरा गोल सुजतो, साखर चढते. आणि पूड संपली की रोग दामदुपटीनं उलटतो, कधी आख्खं अंग लाल होऊन सोलतं, कधी पू भरलेले फोड येतात. अशा माणसाला थेट दवाखान्यात भरती करावं लागतं.

म्हणून तुम्ही किंवा घरातलं कुणी अशी पूड घेत असाल तर हे वाचून ती एकदम थांबवू नका, त्यात स्टिरॉइड असेल तर तेच महागात पडेल. एक-दोन दिवसांत त्वचारोगतज्ज्ञांना गाठा, किती दिवस आणि दिवसातून किती वेळा घेतली ते सांगा. ताप, थंडी, अंगभर लाली किंवा फोड असतील तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता इमर्जन्सीत जा. आणि पुडी फेकू नका, उरलेल्या पुडीसकट तिचं पाकीट डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.