म्हणे, सुया सोडा आणि पळा!

मावशीने परवा घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: ‘व्यायाम करताना स्नायू इन्सुलिनशिवाय साखर ओढतात. मग सुया कशाला? शुगर 300 असेल तर पळा, जळून जाईल. जेवल्यावर मात्र चालू नका. 21 दिवसांत डायबेटिस मुळासकट जातो.’ खाली चौघांनी हात जोडलेले. त्याच ग्रुपवर माझा 14 वर्षांचा भाचा आहे, टाइप 1 वाला, म्हणजे ज्याचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. त्याने ताईला विचारलं, “मग मी उगाच टोचून घेतोय का?”

पहिलं वाक्य खरं आहे, मान्य करावंच लागेल. स्नायू कामाला लागला की पेशीत दडलेले ग्लुट-4 नावाचे वाहक पृष्ठभागावर येऊन साखर आत घेतात. त्याला इन्सुलिनचा निरोप लागत नाही. टाइप 2 मध्ये इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही हे करतो.

पण म्हणून ‘सुया कशाला’? इन्सुलिन यकृताला आवरतं, चरबी वितळू देत नाही. टाइप 1 मध्ये ते टोचलंच नाही तर यकृत साखर ओतत राहतं, चरबी जळून होणारी कीटोन नावाची आम्लं साचतात, रक्त आम्लधर्मी होतं. अशात पळालं तर साखर आणखी चढते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2016 मध्ये स्पष्ट लिहिलंय: 250 च्या वर असेल तर आधी कीटोन तपासा, मध्यम किंवा जास्त निघाले तर व्यायाम नको. आणि 1922 च्या आधी इन्सुलिन नव्हतं, पाय तेव्हाही होते. ही मुलं जगत नव्हती.

भाचा फुटबॉल खेळतो. संध्याकाळी मॅच असली की ताई रात्री दोनचा गजर लावते आणि झोपेतच त्याचं बोट टोचून साखर बघते, कारण दमलेले स्नायू पुढे कित्येक तास साखर ओढत राहतात. एकदा 58 आली होती, म्हणजे धोक्याइतकी कमी. म्हणून मॅचच्या दिवशी इन्सुलिनचा डोस कमी करतात, डॉक्टरांना विचारून. बंद करत नाहीत.

बाकीचं काय सांगायचं! जेवल्यावर चालल्याने साखर कमीच चढते, शतपावली काय उगाच होती? आणि व्यायामाचा असर एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून तीच संस्था सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको म्हणते. 21 दिवसांत मुळासकट काहीही जात नाही.

मावशीला फोन केला. “अरे, मी कुठे वाचलाय, चांगला वाटला म्हणून पाठवला.” तोवर मेसेज डिलीट करायची मुदतही टळून गेली होती.