म्हणे मुलांना मोटिव्हेशन नाही!

मुलांना मोटिव्हेशन नाही, या पिढीला कशाचं काही पडलेलंच नाही... स्टाफरूममध्ये हे ऐकून ऐकून कान किटले!

आमच्या कॉलेजात शनिवारचे तास अजूनही ऑनलाइन. का, तर वर्गखोल्या कमी पडतात. जॉइन झालेल्यांची नावं बघा: ‘रेडमी नोट’, ‘मम्मी’, ‘पप्पा न्यू’. कॅमेरे बंद. ‘समजलं का?’ विचारलं की स्मशानशांतता. तास संपला तरी दहा-बारा जण आत तसेच, म्हणजे फोन चालू ठेवून स्वारी केव्हाच झोपलेली. हजेरी मात्र लागली, ७५ टक्के भरले, सगळे खूश.

वर्गात शेवटच्या बाकावरचं पोर भंजाळलं की चेहऱ्यावर दिसतं. मी थांबते, फळ्यावर पुन्हा मांडते. नाहीतर शेजारचा कोपर मारून वही पुढे सरकवतो. इथे कुणाला दिसतंय कोण कुठे अडलंय?

आणि मी शिकवते रसायनशास्त्र! टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेट नावाच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायच्या प्रयोगात, खालचं द्रावण जेमतेम फिकट गुलाबी होतं, तिथेच हात थांबला पाहिजे. एक थेंब जास्त पडला की गडद, मग पुन्हा पहिल्यापासून. ते हातालाच कळावं लागतं. मोबाइलच्या स्क्रीनवर, रोजचा दीड जीबी पुरवून पुरवून, काय डोंबल कळणार? मग सेकंड इयरचं पोर विचारतं, ‘मॅडम, ब्युरेट कशानं धुवायची?’ आणि आम्ही त्यालाच ढ म्हणून मोकळे.

नोकरी करून शिकणाऱ्याला रेकॉर्डेड तास हवाच, त्यावर वाद नाही. पण जे पोर एसटीनं रोज यायला तयार आहे, त्याला घरी का बसवता?

२०२० मध्ये शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा वाद पार सुप्रीम कोर्टात गेला. २८ ऑगस्टला निकाल आला, परीक्षेशिवाय पदवी नाही. मग परीक्षा झाली कशी? बहुतेकांची घरबसल्या एमसीक्यू, नुसते पर्याय निवडायचे! पुढे लेखी पेपर परत आले तेव्हा पोरांचे हात तासाभरात दुखायला लागले. त्यातून शिकलो काय? २०२१ मध्ये यूजीसीनं सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’ या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून करायची मुभा दिली, आणि आमच्याकडच्यांना वाटतंय शिक्षक नेमायची कटकटच मिटली. आम्ही आहोतच तासिका तत्त्वावर!

आता यावर उपाय काय काढलाय? मोटिव्हेशनवर वेबिनार. शनिवारी. हजेरी सक्तीची. फुटलेल्या ब्युरेटच्या जागी नव्या आणायला पैसे नाहीत, वक्त्याच्या मानधनाला बरे सापडले!