दक्षिण ओसेतिया : भांडणाचे मूळ नेमके कोणत्या सालात?

कट्ट्यावर जॉर्जियाचा आणि त्याच्यापासून फुटून निघालेल्या दक्षिण ओसेतियाचा विषय निघाला आणि मुकुंदाने नेहमीप्रमाणे एका वाक्यात निकाल देऊन टाकला : "हे सगळे बोल्शेविकांनी आखलेल्या रेघांचे दुखणे आहे." दक्षिण ओसेतियाला एप्रिल १९२२ मध्ये जॉर्जियाच्या अंतर्गत स्वायत्त प्रांताचा दर्जा मिळाला, हे खरेच, परंतु पुढची जवळजवळ सत्तर वर्षे ओसेतियन आणि जॉर्जियन गावे एकमेकांना खेटून नांदली, त्यांच्यात सर्रास सोयरिकी झाल्या, याची संगती त्या रेघेने लागत नाही.

शिरीषचा सगळा रोख २००८ च्या युद्धात जॉर्जियावर सैन्य धाडणाऱ्या रशियावर होता. दक्षिण ओसेतियातील रहिवाशांना रशियन पारपत्रे वाटायची आणि मग 'आपल्या नागरिकांच्या' रक्षणासाठी रणगाडे धाडायचे, ही त्याच्या मते शुद्ध लबाडी. "मग ७ ऑगस्ट २००८ च्या रात्री दक्षिण ओसेतियाच्या राजधानीवर, त्स्खिनवालीवर तोफा कोणी डागल्या?" नानांनी विचारले. युरोपीय संघाने नेमलेल्या तालियाविनी आयोगाने २००९ मध्ये खुल्या युद्धाची सुरुवात जॉर्जियाच्या माऱ्याने झाल्याचे नोंदवले. त्याच आयोगाने पारपत्रांचे वाटप बेकायदा आणि रशियाची पुढची कारवाई प्रमाणाबाहेरची ठरवली. दोघांनाही त्यातले अर्धेच वाक्य पाठ होते.

नानांनी मग विषय १९२० पर्यंत मागे नेला. बोल्शेविकांच्या पाठिंब्याने झालेला ओसेतियनांचा उठाव जॉर्जियाच्या तेव्हाच्या मेन्शेविक (बोल्शेविकांच्या विरोधातील समाजवादी) सरकारने गावे जाळून मोडून काढला. ओसेतियन त्याला वंशसंहार म्हणतात, जॉर्जियन फितुरीचा बंदोबस्त.

माझे मत असे की, या जुन्या जखमेचे युद्ध होणार हे ठरले ते १९९० च्या डिसेंबरात. दक्षिण ओसेतियाने सप्टेंबरात सार्वभौमत्व जाहीर केले, ९ डिसेंबरला स्वतःच्या निवडणुका घेतल्या, आणि दोनच दिवसांनी गामसाखुर्दिया यांच्या नेतृत्वाखालील जॉर्जियन संसदेने स्वायत्तताच रद्द केली. मॉस्कोपासून सुटू पाहणाऱ्या जॉर्जियाला आपल्यापासून सुटू पाहणारे कोणी सोसवले नाही. जानेवारी १९९१ मध्ये लढाई पेटली, ती जून १९९२ च्या सोची कराराने थांबली.

"पण स्वायत्तता अजारियालाही होती, तो प्रांत का फुटला नाही?" मुकुंदाचा हा प्रश्न मात्र बिनतोड होता. तेथील बहुसंख्य लोक भाषेने जॉर्जियन आहेत आणि त्यांची सीमा तुर्कस्तानला लागते, रशियाला नव्हे. उलट दक्षिण ओसेतियातून कॉकेशस पर्वताखालच्या रोकी बोगद्याने थेट रशियातल्या उत्तर ओसेतियात उतरता येते. हा बोगदा नसता तर २००८ चे युद्ध त्या रीतीने झालेच नसते.

त्याच बोगद्यातून येणारा जकात चुकवलेला माल त्स्खिनवालीच्या वेशीवर, एर्गनेतीच्या बाजारात विकला जाई. पीठ, पेट्रोल, सिगारेटी, विकणारे-घेणारे दोन्हीकडचे. जॉर्जियाचे तेव्हाचे अध्यक्ष साकाशविली यांनी २००४ मध्ये तो बंद पाडला. नाना म्हणाले, "चोरटा व्यापार कोणते सरकार चालू देईल?" मी म्हटले, बाजार बंद करण्याला हरकत नाही, पण १९९२ च्या युद्धबंदीनंतर ही माणसे रोज समोरासमोर भेटत ती मुख्यतः याच जागी, आणि त्याऐवजी कायदेशीर नाके उघडण्याचे कोणालाच सुचले नाही. "सुचले असते, तरी त्स्खिनवालीने त्या नाक्याला सीमाच म्हटले असते," नाना म्हणाले, आणि त्यावर शिरीषसुद्धा गप्प बसला.