पावलं कसली मोजताय, पक्षी मोजा!

चालण्याच्या व्यायामावरच्या तुमच्या लेखात रोजच्या 10,000 पावलांचा धोशा लावलाय. तो आकडा 1960 च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं यंत्र खपवताना पुढे आला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. आमच्या ह्यांना ‘फिरायला चला’ म्हटलं की गुडघे दुखतात. नवी मुंबईत नेरूळला डीपीएस तलावावर फ्लेमिंगो उतरलेत म्हटलं, की चपला माझ्याआधी पायात! गळ्यात दुर्बीण. चोच उलटी करून चिखलात चरणारा थवा सरकेल तसे हेही काठाकाठाने सरकतात. तासभर कुठे गेला कळत नाही. पावसाळ्यात फ्लेमिंगो नसतात हे खरं. तेव्हा मी लांबच्या मंडईतून अळू आणायला पिटाळते. जवळच्या भाजीवाल्याकडचं खाजरं असतं, असं ठोकून द्यायचं!