कमलाबाईंनी सवलत मागितली नव्हती म्हणे!

‘महिला शास्त्रज्ञांना नेतृत्व द्या, ही ओरड कशासाठी?’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. खाली सात मुद्दे, शेवटी तिरंगा आणि ‘पटलं तर पुढे पाठवा’. असले फॉरवर्ड मी एरवी न वाचताच पुसते. पण हा माझ्या भाचीला तिच्या सासऱ्यांनी पाठवला, सोबत ‘शांतपणे वाच’ अशी ओळ. मुलीची पीएचडी झालीय, पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनही झालंय, आता एका संशोधन संस्थेत मुलाखत आहे. तिने काही न लिहिता तो मला पुढे ढकलला. म्हणून हे उत्तर. क्रम मात्र माझा. सगळ्यात संतापजनक मुद्दा त्यांनी पाचवा ठेवलाय, मला आधी तोच हवाय.

‘कमला सोहोनींनी कुठे सवलती मागितल्या होत्या? जिद्द असेल तर सगळं मिळतं.’

लिहिणाऱ्याने कमलाबाईंचं नाव कुठल्यातरी ‘थोर कन्या’ छाप पोस्टवरून उचललंय, त्यापुढे वाचायचे कष्ट घेतलेले नाहीत. १९३३ साली कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिली येऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेश मागायला गेली. वडील आणि काका दोघंही त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. संचालक सी. व्ही. रामन, नोबेल मिळून तीन वर्षं झालेले. त्यांनी अर्ज फेटाळला, कारण अर्जदार मुलगी होती. तिने ऐकलं नाही, दारात सत्याग्रह करायची तयारी दाखवली, तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. तोही अटी घालून: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, काम पाहून ठरवू, आणि तुझ्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ साली तिने पीएचडी मिळवली. विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. बंगळूरला झालं तो अपमान होता, हे त्यांनी उतारवयातही जाहीरपणे बोलून दाखवलं.

तर हो, कमलाबाईंनी सवलत मागितली नाही. शेजारच्या मुलाला न मागता मिळणारा प्रवेश मागितला, आणि त्यासाठी त्यांना भांडावं लागलं. ही गोष्ट ‘कुणी अडवत नाही’ याचा पुरावा म्हणून द्यायची, तर धाडसच पाहिजे. विद्यापीठात पहिला नंबर, घरात दोन रसायनशास्त्रज्ञ आणि जन्मजात हट्ट, एवढं सगळं एकत्र असूनही तिला वर्षभर टांगून ठेवलं. ज्यांच्याकडे यातलं एखादंच काही होतं, त्या मुली पुण्या-नागपूरला परत गेल्या असतील, शाळेत शिकवायला लागल्या असतील, लग्न करून मोकळ्या झाल्या असतील. त्यांच्या जिद्दीवर कुणी मेसेज लिहीत नाही, कारण त्यांची नावंच कुणाला ठाऊक नाहीत.

‘बायका स्वतःच सोडतात. संसार निवडतात. त्याला संस्था काय करणार?’

हा मुद्दा दिसायला साधा, पण सगळ्यात घातक. सासरेबुवांनी ‘शांतपणे वाच’ म्हटलं ते यासाठीच असणार. यावर आपल्याकडे अभ्यास झालाय, २०१० साली, भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरची राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्था यांनी मिळून केलेला. करणाऱ्यांत रोहिणी गोडबोले होत्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, कणभौतिकीत जगभर नाव असलेल्या. पीएचडी झालेल्या स्त्रियांना आणि पुरुषांनाही त्यांनी प्रश्न विचारले. बायका संसारापायी विज्ञान सोडतात, हा सगळ्यांचा लाडका समज त्यात टिकला नाही. नोकरीच मिळाली नाही, हे कारण मोठं निघालं. आणि संशोधनात टिकलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्के कधीच लग्न न केलेल्या. पुरुषांत हे प्रमाण अडीच टक्के. म्हणजे ‘निवड’ करायला लागली ती एकाच बाजूला. लग्न आणि प्रयोगशाळा दोन्ही हवं असं पुरुष म्हणाला, तर त्याला कुणी निवड करायला सांगत नाही. माझ्या भाचीला मागे एका संस्थेच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला, ‘मिस्टर कुठे असतात?’ तिचा विषय प्रथिनांची घडण हा आहे. मिस्टरांचा त्यात काही सहभाग नाही.

‘थोडं थांबा, मुली शिकतायत, आपोआप वर येतील.’

किती थांबायचं? देशात विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांत मुली ४० टक्क्यांच्या वर आहेत. संशोधनाच्या नोकऱ्यांत, केंद्राच्याच २०१८च्या आकड्यांनुसार, साडेसोळा टक्के. देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणारी सीएसआयआर १९४२ची, तिला पहिली महिला महासंचालक मिळाली २०२२ साली, एन. कलैसेल्वी. दिल्लीची राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ची. पहिल्या महिला अध्यक्ष चंद्रिमा शाहा, २०२० साली. आयआयटीचं तर विचारूच नका. पहिली खरगपूरला १९५१ साली निघाली, आणि एखाद्या आयआयटीच्या परिसराची सूत्रं बाईच्या हाती यायला २०२३ उजाडलं: प्रीती अघलयम, मद्रास आयआयटीच्या शाखेच्या प्रमुख. ती शाखा आफ्रिकेतल्या झांजिबारला आहे. अरबी समुद्र ओलांडून पलीकडे!

आणि ‘आपोआप’ काही होत नसतं. संचालक नेमताना बघतात काय? पुरस्कार, अकादमीचं सदस्यत्व, कुठल्या समित्यांवर होता. शास्त्रज्ञांना मिळणारा भटनागर पुरस्कार घ्या. त्याला वयाची मर्यादा ४५, म्हणजे ज्या वर्षांत मुलं लहान असतात तीच वर्षं मोजणीची. १९६१ साली असीमा चॅटर्जींना मिळाला. पुढची स्त्री अर्चना शर्मा, १९७५ साली. चौदा वर्षं! हा जुना काळ म्हणाल, तर २०२२च्या यादीत बारा नावं होती आणि बारापैकी बारा पुरुष. इथे गाळलेलं नाव पुढे अकादमीत गळतं, समितीत गळतं, आणि संचालक शोधायच्या वेळी ‘योग्य महिला उमेदवारच नाही हो’ असं म्हणायला सगळे मोकळे.

‘इस्रोचा फोटो बघा!’

बघितला. मंगळयानाच्या वेळचा, २०१४चा, केसांत गजरे माळून टाळ्या देणाऱ्या बायकांचा. त्या प्रशासकीय विभागातल्या कर्मचारी होत्या, हे खुद्द इस्रोने नंतर सांगितलं. रितू करिधाल, एम. वनिता, निगार शाजी यांनी मोहिमा चालवल्या हे मात्र खरं आणि मोठं आहे, मान्य. पण इस्रोच्या अध्यक्षांची यादी काढा, विक्रम साराभाईंपासून व्ही. नारायणन यांच्यापर्यंत. एकही बाई नाही.

‘दोन वर्षं भरपगारी रजा घेतात.’

यात अर्ध सत्य आहे, ते देऊन टाकते. केंद्र सरकारी नोकरीत बालसंगोपन रजा आहे, ७३० दिवसांची. पण ती अख्ख्या नोकरीत मिळून, आणि पूर्ण पगार पहिल्या ३६५ दिवसांना. पुढे ८० टक्के. एकट्या बापालाही ती मिळते. बाकीच्या बापांना बाळ झाल्यावर १५ दिवस. रजेमुळे संस्थांना बाई नकोशी वाटते ना? मग बापाचीही रजा वाढवून मागा. त्यावर मेसेज करा, मी पुढे पाठवीन.

आयआयटीत मुलींना वेगळ्या जागा दिल्या, मुलांवर अन्याय झाला, हा रडका मुद्दाही आहे. २०१८पासून त्या जागा जास्तीच्या काढल्या, मुलांची एकही कमी केलेली नाही. मुलींची यादी खालच्या रँकपर्यंत जाते, बरोबर. पण परीक्षा तीच, आणि त्या मुली आत्ता कुठे पंचविशीत आल्यात. संचालकपदाशी त्याचा संबंध काय, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. शेवटचा मुद्दा स्त्रियांच्या मेंदूच्या वजनाचा. तो सोडून देते.

राहता राहिलं ‘गुणवत्तेवर निवडा’, जे जवळपास प्रत्येक मुद्द्याच्या शेपटीला लावलंय. २०१२ साली अमेरिकेत १२७ विज्ञान प्राध्यापकांकडे प्रयोगशाळेतल्या नोकरीसाठी एकच अर्ज पाठवला. काहींना ‘जॉन’ नावाने, काहींना ‘जेनिफर’ नावाने. बाकी स्वल्पविरामसुद्धा तोच. जॉन जास्त लायक ठरला, त्याला वर्षाला सुमारे ३० हजार डॉलर देऊ केले, जेनिफरला साडेसव्वीस हजार. स्त्री प्राध्यापकांनीही तेच केलं. तेव्हा गुणवत्ता जरूर बघा, आम्ही तेच तर म्हणतोय. मुलाखतीआधी निकष लिहून ठेवा, सगळ्यांना तेच प्रश्न विचारा, समितीत कोण बसलंय ते जाहीर करा, किती बायकांनी अर्ज केले आणि किती घेतल्या ते आकडे दरवर्षी छापा. २०२० साली जाहीर झालेल्या केंद्राच्या ‘गती’ उपक्रमात तीस संस्थांनी स्वतःची अशी झाडाझडती घ्यायला सुरुवात केली. यात कुणाला आरक्षण दिसत असेल, तर नेमक्या कुठल्या ओळीत दिसतं ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.