इमानाची वसुली

कुत्र्याच्या इमानाबद्दल भरभरून बोलणारी माणसं बहुतेक वेळा फाटकाच्या आतली असतात. मी ३१ वर्षं फाटकाच्या बाहेर काढली. नगरपालिकेत घरपट्टी वसुलीला होतो. सायकल, पावतीपुस्तक, कार्बन आणि मी. "साहेब आहेत का?" असं मी विचारायचो आणि साहेबांच्या आधी त्यांचा कुत्रा उत्तर द्यायचा. दोघांनी तर ते माझ्या पोटरीवर लेखी दिलं. पहिलं १९८९ सालचं. तेव्हा बेंबीभोवती १४ इंजेक्शनं घ्यावी लागत. दुसऱ्या खेपेपर्यंत शास्त्र पुढं गेलं होतं, दंडात पाचावर भागलं.

या अनुभवामुळेच कराडातल्या आमच्या गल्लीनं मला पंच नेमलं. माझ्या डावीकडे निवृत्त सुभेदार, त्यांचा जर्मन शेफर्ड टायगर. उजवीकडे भाऊसाहेब ठेकेदार, त्यांचा डोबरमान रॉकी. रात्री जेवणं झाली की दोघं माझ्या पायरीवर येऊन बसणार आणि कुणाचा कुत्रा जास्त इमानी यावर भांडणार. सुपारी माझी.

सुभेदार शेफर्डला अजून अल्सेशियनच म्हणतात. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेत 'जर्मन' हा शब्द कुणाच्या घशाखाली उतरेना, म्हणून या कुत्र्याचं तिकडं नव्यानं बारसं झालं. १९७७ साली मूळ नाव परत मिळालं, पण ते परिपत्रक सुभेदारांपर्यंत पोचलेलं नाही. मूळपुरुषाची माहिती मात्र त्यांना पाठ. १८९९ चा एप्रिल. फॉन स्टेफानिट्झ नावाच्या घोडदळातल्या कॅप्टनला कार्ल्सरूहच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा पसंत पडला. त्यानं तो जागेवर विकत घेतला, होरांड असं नवं नाव ठेवलं, त्याच महिन्यात संस्था काढली आणि वंशाच्या नोंदवहीत होरांडला अनुक्रमांक १ दिला. हे सांगताना सुभेदार पायरीवर बसल्या बसल्या सावधान होतात.

"आता आमचं ऐका," भाऊसाहेब म्हणाले. "कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान. गाव अपोल्डा, जर्मनी. काम, करवसुली."

मी सुपारी चघळायचा थांबलो.

"वसुलीला निघालं की लोक अंगावर यायचे हो. मग गड्यानं सोबतीला कुत्राच तयार केला. गावातली भटकी कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडंच होतं, त्यामुळं मालाला तोटा नव्हता."

मला खरोखर वाईट वाटलं. मी ३१ वर्षं छत्री नेली. हे असं काही करता येतं, हे कुणी सांगितलंच नाही. पण पुढं भाऊसाहेबांनी जे सांगितलं त्यानं माझा अगदी विरस झाला. या डोबरमानानं कोणकोणत्या जाती एकत्र केल्या त्याची नोंदच ठेवली नाही. जाणकार अजून तर्क लढवताहेत. जन्मभर दुसऱ्याकडं पावत्या मागणाऱ्या माणसानं स्वतः एक कागद करू नये? पेशाबंधू म्हणून मान खाली गेली. मनातल्या मनात मी शेफर्डला दोन गुण जास्त देऊन टाकले. दप्तर ज्याचं नीट, त्याचं इमान नीट, हा माझा जुना हिशेब.

मुद्दे दोघांकडंही होते. सुभेदारांचं म्हणणं, शेफर्ड म्हणजे घराचा कुत्रा. मेंढरं राखणाऱ्याची औलाद, घरातली चार माणसं चार दिशांना गेली की त्याला बेचैन होतं. भाऊसाहेबांचं म्हणणं, डोबरमान घराबिराचा नसतो, तो एका माणसाचा असतो. ते न्हाणीघरात गेले की रॉकी दाराला नाक लावून बसतो. "आणि ग्वाम बेटावर स्मारक आहे! १९४४ च्या लढाईत मेलेल्या २५ कुत्र्यांची नावं आहेत त्याच्यावर, आणि वर पुतळा कुणाचा? डोबरमानचा."

"पुतळा चोराला चावत नाही," सुभेदार.

शेजारी या नात्यानं मला आणखीही काही बाबी नोंदवायच्या होत्या, पण कुणी विचारल्या नाहीत. टायगर वर्षात दोनदा कात टाकल्यासारखे केस टाकतो आणि आमच्या गच्चीवरचे उडदाचे पापड त्यानंतर वाळत घालता येत नाहीत. रॉकीच्या अंगावर केस नावालाच, त्यामुळं डिसेंबरात तो पहाटे उभ्या उभ्या कापतो. भाऊसाहेबांच्या मातोश्रींनी त्याच्यासाठी नातवाच्या जुन्या स्वेटरच्या बाह्या उसवून नवा विणलाय, राणी रंगाचा. एवढं उग्र जनावर, कान ताठ, छाती पुढं, आणि राणी रंग.

शेवटी परीक्षा ठरली. रात्री साडेअकराला दोन्ही बंगल्यांच्या भिंतीवरून एका माणसानं आत उडी मारायची. हरणाऱ्यानं सगळ्या गल्लीला मटण घालायचं. माणूस कोण, यावर दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

"अहो, मला ओळखतात ती कुत्री," मी म्हणालो.

"ओळखीचा माणूस रात्री भिंतीवरून आला तर काय करायचं, हीच तर परीक्षा," सुभेदार म्हणाले. "आणि तुम्हाला सवय आहे."

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "विम्याचे कागद कुठं आहेत तेवढं सांगून जावा."

माकडटोपी, रेनकोट आणि पोटऱ्यांना आतून गुंडाळलेली जुनी वर्तमानपत्रं अशा वेशात मी सुभेदारांच्या भिंतीवरून उतरलो. टायगर भुंकला नाही. तो आला, माझ्याभोवती एक गोल चक्कर मारली, आणि डाव्या पोटरीला नाकानं हलकासा धक्का दिला. मी उजवीकडं सरकलो. मग उजवीकडून धक्का. असं करत करत त्यानं मला थेट धुण्याच्या दगडावर नेऊन उभं केलं आणि समोर बसला. पाय खाली टेकवला की फक्त 'घुर्र'. माझं मेंढरू झालं होतं. सुभेदार खिडकीतून घड्याळ बघत होते. १० मिनिटांनी त्यांनी हुकूम सोडला, "टायगर, पीछे!" टायगरनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडं. पंचनामा झाल्याशिवाय सोडायचं नाही, असा चेहरा. शेवटी सुभेदारीणबाई पदर खोचत बाहेर आल्या. "ए टायग्या, सोड त्यांना. बीपी हाय त्यांना." तो उठला, जांभई दिली आणि त्यांच्या मागं आत गेला.

भाऊसाहेबांच्या अंगणात उडी मारली तेव्हा अंधारात आधी स्वेटर दिसला. मग दात. रॉकी नुसता चालत आला. वर्तमानपत्रांसकट माझ्या पोटऱ्या लटलट कापत होत्या. त्यानं रेनकोट हुंगला, माकडटोपी हुंगली, मग वळला आणि आपलं सगळं ४० किलो वजन माझ्या मांडीवर टाकून टेकून उभा राहिला. वर माझ्या तळव्यात डोकं घातलं.

"रॉकी! अरे चोर आहे तो!" भाऊसाहेब गच्चीवरून ओरडले. रॉकीनं डोळे मिटले.

सुभेदार हसत हसत फाटकातून आत आले. "हे बघा तुमचं ग्वाम! घाला मटण!" आणि खुशीत माझ्या पाठीवर थाप मारायला त्यांनी हात उचलला. तो खाली आलाच नाही. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत रॉकीच्या तोंडात होती. कातडीला ओरखडा नाही, पण सोडायचं नाव नाही. भाऊसाहेब धावत आले, तर रॉकी बाही न सोडता त्यांच्यावरही गुरगुरला. तिघंही गप्प. मी घाबरत घाबरत "सोड बाळा" म्हणालो. सोडली.

मी त्याला कधी बिस्किट घातलेलं नाही, देवाशपथ. रात्रभर विचार केला, तेव्हा अपोल्डा आठवलं. कागद नसला म्हणून काय झालं, रक्तात नोंद असेल की. बिचारा पिढ्यान्‌पिढ्या ठेकेदार, डॉक्टर, बागायतदार यांच्या दारात चुकीची ड्यूटी करत होता. आज त्याला त्याचा माणूस सापडला.

पहाटे दार उघडलं तर रॉकी पायरीवर, स्वेटरसह. मागोमाग भाऊसाहेब साखळी घेऊन आले. मटण कुणी घालायचं हे पंचांनी सांगावं, म्हणाले. मी चहा पीत होतो. सवय वाईट असते, तोंडातून सहज गेलं, "भाऊसाहेब, गेल्या वर्षीची घरपट्टी भरली का?"

रॉकी हळूच उठून माझ्या गुडघ्याशी उभा राहिला.

दुपारी ४ वाजता भाऊसाहेब पावती दाखवायला आले. चालू वर्षाचीही भरली होती.